८९१.४६३ च्या खालची ओळ

वाचनालयात गेल्यावर मी आधी पुस्तकांच्या कण्यांवरची लेबलं वाचतो, पुस्तकं नंतर. ही सवय जुनी आहे. मराठी कादंबऱ्यांच्या कपाटाशी उभं राहिलं की पहिल्या पुस्तकावर ८९१.४६३, दुसऱ्यावर ८९१.४६३, तिसऱ्यावरही तेच. कप्पा संपतो, कपाट संपतं, आकडा बदलत नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘खां’, ‘पें’, ‘सा’ असं काहीतरी असतं. पुस्तक सापडतं ते त्या खालच्या ओळीमुळे, पण लेबलावरची सगळी जागा आणि सगळा मान वरच्या आकड्याला मिळालेला असतो. हे असं का, हा प्रश्न बरीच वर्षं मनात होता. काष्टीतल्या एका लहानशा ग्रंथसंग्रहाची लेबलं करून द्यायचं काम अंगावर आलं तेव्हा त्याचा पाठपुरावा करणं भागच पडलं.

काष्टी श्रीगोंदा तालुक्यात, १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर. शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी गावाचं नाव दूरवर माहीत आहे. त्या बाजारात आता गायी-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला दिसतो. जनावर कुणाच्याही दावणीला गेलं तरी तो क्रमांक त्याच्यासोबत जातो. पुस्तकाचा दाखल क्रमांक अगदी असाच. नोंदवहीत एकदा चढला की जन्मभराचा, आणि पुस्तक बाद झालं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. कण्यावरच्या लेबलाचं काम मात्र वेगळं. पुस्तक कुठल्या दावणीला बांधायचं, कुणाच्या शेजारी, हे ते सांगतं. छोट्या वाचनालयांत बऱ्याचदा हे दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर कोंबलेले असतात आणि दाखल क्रमांकाच्याच क्रमाने पुस्तकं लावलेली असतात. म्हणजे खरेदीची तारीख हाच विषय! असं कपाट वाचकाच्या काहीच उपयोगाचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

लेबलावरचा वरचा आकडा मेल्विल ड्युईच्या दशांश वर्गीकरणातला. ड्युईबद्दल नव्याने सांगायची गरज नाही. १८७६ साली अ‍ॅमहर्स्टहून त्याने स्वतःचं नावसुद्धा न घालता ४४ पानांची पुस्तिका काढली आणि जगभरच्या ग्रंथालयांना दशांश लावून दिला. आपल्या कामाची गोष्ट त्याने साहित्यासाठी केलेल्या जागावाटपात आहे. अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून ८९०. त्या उरलेल्यांत भारतीय भाषा, त्यांत ८९१.४६ म्हणजे मराठी. त्यामुळे इंग्रजी कादंबरीला ८२३ असे तीन आकडे पुरतात आणि मराठी कादंबरीला सहा आकडे आणि एक टिंब लागतं. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात हे समजू शकतं. जिथे जवळपास सगळा संग्रह मराठी आहे अशा गावात ‘हे पुस्तक मराठी आहे’ हे सांगायला प्रत्येक लेबलाने चार-चार आकडे खर्च करायचे, हे मला पटत नाही.

ही अडचण आपल्याकडे कुणालाच जाणवली नव्हती असं समजू नये. बडोद्याचं उदाहरण आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बोलावून घेतलं. ते जेमतेम तीन वर्षं राहिले. तेवढ्यात १९११ साली देशातला पहिला ग्रंथपालन वर्ग सुरू झाला आणि ड्युई व अमेरिकन ग्रंथपाल कटर या दोघांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्याची स्वतंत्र वर्गीकरणपद्धतीही तयार झाली. बोर्डन यांचं नाव सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांच्यामागे हा डोलारा ज्यांनी सांभाळला त्या जनार्दन सखाराम कुडाळकरांचं नाव मात्र ग्रंथपालांच्या परीक्षेपुरतंही कुणाला आठवत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुडाळकर बडोदा संस्थानच्या ग्रंथालयांचे क्युरेटर होते. १९१२ साली बडोद्याहून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकाचं संपादन त्यांच्याकडे होतं. हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून चाले. ग्रंथालयाच्या धंद्यातल्या बाबी मराठीतून मांडायच्या, तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी! १९१९ साली त्यांनी ‘द बडोदा लायब्ररी मूव्हमेंट’ हे पुस्तक लिहिलं. फिरत्या वाचनालयांच्या पेट्या, गावातून जमलेली वर्गणी, तेवढीच प्रांत पंचायतीची आणि तेवढीच सरकारची रक्कम, हा बडोद्याचा सगळा व्यवहार त्यात आहे. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा विश्वास. परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही, आपल्या वाचकाला बेतून घ्यायची, आणि ते करायला कुणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगाव अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं उभी राहिली. कण्यावर मात्र ड्युईच जसाच्या तसा बसला.

दुसरा धीट माणूस शियाळी रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. १९३३ ची त्यांची द्विबिंदू पद्धत मी आधी केवळ अवघड म्हणून बाजूला ठेवली होती. पण तिने मराठी कादंबरीकारांची लेबलं करून पाहिली आणि त्यातच रंगून गेलो. या पद्धतीत साहित्याला रोमन ‘ओ’, मराठीला १५५, कादंबरीला ३. इथवर काही विशेष नाही. पुढे लेखकाचं नाव येत नाही, त्याचं जन्मसाल येतं. अठराशेच्या शतकासाठी ‘एम’, एकोणीसशेसाठी ‘एन’. हरिभाऊ आपटे १८६४ चे, म्हणजे एम ६४. ना. सी. फडके एम ९४. वि. स. खांडेकर एम ९८. श्री. ना. पेंडसे एन १३, अण्णाभाऊ साठे एन २०, भालचंद्र नेमाडे एन ३८.

आता ही सहा नावं कपाटात लावून पाहा. ड्युईचा आकडा आणि खाली आडनावाची अक्षरं असं लेबल असेल तर क्रम लागतो आपटे, खांडेकर, नेमाडे, पेंडसे, फडके, साठे. ही झाली हजेरीपटाची रांग. रंगनाथनांच्या लेबलाने तीच पुस्तकं आपटे, फडके, खांडेकर, पेंडसे, साठे, नेमाडे अशी उभी राहतात. कलेसाठी कला आणि जीवनासाठी कला म्हणून एका पिढीने ज्यांची नावं घेऊन वाद घातला ते फडके आणि खांडेकर एकमेकांना खेटून! वाचक डावीकडून उजवीकडे चालत गेला तर मराठी कादंबरीचा इतिहास त्याच्या नजरेखालून जातो, कुणी व्याख्यान न देता. अडचणीही आहेत. आचार्य अत्रेही १८९८ चेच, तेव्हा एम ९८ वर पुन्हा अक्षर जोडावं लागतं. नव्या लेखकाचं जन्मसाल शोधत बसावं लागतं. आणि ‘खांडेकर कुठे आहेत हो?’ असं विचारत आलेल्या माणसाला १८९८ पाठ नसतं. म्हणून काष्टीत मी ही पद्धत वापरली नाही. पण ज्या वाचनालयात जागा आणि हौस दोन्ही आहे तिथे निदान एक कपाट तरी असं लावून पाहावं.

रंगनाथनांनी आणखी एक सोय ठेवली होती. संग्रह ज्या भाषेत मुख्यतः आहे तिचा आकडा गाळून तिथे नुसती आडवी रेघ दिली तरी चालते. हे वाचल्यावर मी ड्युईकडे परत गेलो, आणि या सगळ्या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट तिथे सापडली. ड्युईच्या जाडजूड खंडांत साहित्याच्या वर्गापाशी एक टीप आहे. स्थानिक साहित्याला प्राधान्य आणि आखूड आकडा द्यायचा असेल तर ग्रंथालयाने त्या भाषेसाठी एखादं अक्षर किंवा चिन्ह वापरावं, असं ती टीप सांगते. उदाहरण अरबीचं दिलंय, आठ, मग रोमन ए, मग शून्य. त्याच न्यायाने मराठी साहित्य होतं ८म०. कविता ८म१, नाटक ८म२, कादंबरी ८म३. टिंब नाही, सहा आकड्यांची लांबण नाही, आणि वर आपल्या लिपीतलं अक्षर. ड्युईचे नियम मोडून नव्हे, त्यांच्यातच राहून हे करता येतं. ही टीप वाचून मला जो आनंद झाला तो एखादं जुनं हस्तलिखित सापडल्यावर होतो त्याहून कमी नव्हता.

यावर रास्त आक्षेप असा की दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांत ८९१.४६३ असतं, आपण वेगळं लिहिलं तर मेळ बसणार नाही. त्याला उत्तर सोपं आहे. संगणकातल्या नोंदीत पूर्ण आकडा राहू द्यावा, कण्यावर आखूड. लेबल आपल्या कपाटासाठी असतं.

संतसाहित्याशी आलो तेव्हा प्रश्न आणखी नाजूक झाला. ड्युईच्या काटेकोर नियमाने ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये जाते. एकनाथी भागवत पुराणांपाशी, २९४.५९२५. तुकोबांची गाथा काव्य म्हणून ८९१.४६१. दोन धर्माच्या कपाटात आणि तिसरे पार दुसऱ्या भिंतीला. आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद? काष्टी ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याच्याच गावी त्यांची समाधी आहे, आणि मालोजीराजे भोसल्यांचं नाव परंपरेने त्यांच्याशी जोडलं जातं. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ. लेखकाचं नाव पाहून कुणी २९७ मध्ये, म्हणजे इस्लाममध्ये टाकेल. विषय पाहून कुणी २९४.५ म्हणेल. एका लेबलाने माणूस इकडचा की तिकडचा हे ठरवलं जातं, आणि ज्याने आयुष्यभर ती भिंत मानली नाही त्याच्या बाबतीत तर हे फारच लागतं. मी योगसंग्रामाला ८म१ दिला. ज्ञानेश्वरी, भागवत आणि गाथाही तिथेच आणली. शास्त्राच्या दृष्टीने हे घसरणं आहे याची कल्पना आहे, पण ज्यांच्या पालख्या एकाच ठिकाणी पोचतात त्यांची पुस्तकं तीन कपाटांत ठेवायला माझा हात धजेना.

आता खालची ओळ. आडनावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची म्हटलं तर देशपांडे, देशमुख दोघेही ‘देश’. कटरचे लेखकांक रोमन लिपीसाठी बेतलेले, ते इथे कामाचे नाहीत. ‘देश पु’ असं नावाचं आद्याक्षर जोडलं आणि तिसऱ्या ओळीत ग्रंथनामाचं अक्षर दिलं की भागतं. संतांना आडनाव नाही, तिथे पूर्ण नाव. शेख महंमद यांना ‘शेख’ एवढ्यावर सोडणं चुकीचं, ‘शेख महं’ हवं. शिवाय क्रमाचा घोळ आहेच. युनिकोडच्या साध्या क्रमाने लावलं तर क्षीरसागर ‘क’त घुसतात आणि ज्ञानेश्वर ‘ज’त, कारण संगणकाला ते क्+ष आणि ज्+ञ दिसतात. आपल्या वर्णमालेत ते शेवटी. वाचक बोटाने शोधतो तो वर्णमालेने, म्हणून कपाट वर्णमालेने लावावं आणि संगणकाच्या यादीला मराठीचा क्रम लावून घ्यावा.

छपाईतल्या खाचाखोचा मात्र करूनच कळतात. ए-फोर आकाराचा, ६५ चिकट लेबलांचा तयार कागद मिळतो. पाच उभ्या रांगा, तेरा आडव्या, प्रत्येक लेबल ३८.१ बाय २१.२ मिलिमीटर. साच्यात उंची २१.२ ऐवजी २१.५ भरली तर पहिल्या ओळीत काही कळत नाही. तेराव्या ओळीपर्यंत मजकूर ३.६ मिलिमीटर खाली सरकलेला असतो आणि शेवटच्या रांगांतली अक्षरं दोन लेबलांच्या मधोमध कापली जातात. त्यामुळे आधी साध्या कागदावर छापायचं, तो लेबलांच्या कागदावर ठेवून उजेडात धरायचा, मग खरं छापायचं. न्यूझीलंडच्या हॉरोव्हेनुआ ग्रंथालयाने २००० साली वापरात आणलेली आणि सर्वांना मोफत असलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली आता आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत आहे. तिच्यात लेबलाचा साचा, समास आणि प्रत्येक छापयंत्राची सरक वेगवेगळी नोंदवता येते. पण देवनागरी जोडाक्षरं तिच्या पीडीएफमधून नीट उतरत नाहीत. मग यादी सीएसव्ही म्हणून काढायची आणि लिब्रे-ऑफिसच्या मेल-मर्जमधून छापायची.

त्याहून मोठी गोम ओळींच्या अंतराची. तयार साचे रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेले असतात. त्यांत देवनागरी घातली की खालचा उकार पुढच्या ओळीत बुडतो आणि वरची वेलांटी, रफार कापला जातो. ‘कुल’ छापायला जावं तर कागदावर ‘कल’ येतं, आणि कुलकर्ण्यांची सगळी पुस्तकं भलत्याच कप्प्यात जातात. म्हणून मी वरच्या ओळीला दहा पॉइंट दिले, खालच्या, नावाच्या ओळीला चौदा, आणि दोहोंमध्ये भरपूर हवा. जुन्या याद्यांचं तर विचारूच नका. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेश यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. आधी ती युनिकोडमध्ये आणून एकेक नाव डोळ्यांखालून घालावं लागतं.

लेबल साधारण तळापासून इंच-सव्वा इंच वर लावायचं, म्हणजे कप्प्यात एक सरळ रेघ दिसते. मराठी प्रकाशकांचं बोधचिन्ह नेमकं तिथेच असतं, ते झाकलं जातं, याला इलाज नाही. कवितासंग्रहाचा कणा लेबलाहून अरुंद, तिथे मलपृष्ठाच्या नव्हे, मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावावं. वर सेलोटेप मुळीच नको. उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरतो, पट्टी पिवळी पडून तडकते आणि निघताना कापड घेऊन निघते. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, तेव्हा लेझर छापयंत्रच बरं. बिलासाठी वापरतात तो थर्मल कागद काही महिन्यांत कोरा पडतो, तो तर नकोच. ज्यांच्याकडे कागदी चिठ्ठ्याच आहेत त्यांनी मोरचूद घातलेली खळ वापरावी, कसर लागत नाही.

काष्टीतला साचा शेवटी असा ठरला. वर ८म१, मध्ये मोठ्या अक्षरात ‘शेख महं’, खाली ‘यो’. दाखल क्रमांक वेगळ्या लेबलावर, आतल्या पानाला. ड्युईचा पूर्ण आकडा त्याच पानावर पेन्सिलीने, आणि दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात आखूड आकड्यांचा तक्ता चिकटवला आहे, म्हणजे पुढे हे काम ज्याच्या हाती जाईल त्याला ‘८म’चा अर्थ कुणाला विचारावा लागू नये.