फूचुन पर्वतांचें चित्र व त्याचे धनी

आपल्याकडे चित्र म्हटलें कीं चौकट, कांच आणि भिंतीवरील खिळा हीं ओघानेंच येतात. चीन देशांतील जुन्या गुंडाळीच्या चित्रांस यांपैकीं कशाचीच गरज नसते. लांबलचक कागद वा रेशमी पट जन्मपत्रिकेप्रमाणें गुंडाळून पेटींत ठेवावा, रसिक स्नेही घरीं आला म्हणजे मेजावर घ्यावा, आणि उजवीकडून डावीकडे हात-हातभर उलगडीत पाहावा, अशी तेथील रीत. अशा चित्रांवर जागोजाग तांबड्या मुद्रा उमटविलेल्या असतात व शेवटीं निरनिराळ्या हस्ताक्षरांतील लेख जोडलेले असतात. नवख्यास हा विद्रूपपणा वाटतो. परंतु ज्या ज्या धन्यानें चित्र सांभाळिलें, ज्या ज्या मर्मज्ञानें तें पाहिलें, त्याची ती साक्ष होय. धनी म्हणजे मालक नव्हे, तर पुढील पिढीसाठीं नेमलेला राखणदार, असें त्या मुद्रा जणूं बजावीत असतात. हा धर्म कोणी पाळिला व कोणी मोडिला, हें एकाच चित्राच्या वृत्तांतावरून दिसून येईल.

हुआंग गोंगवांग (१२६९–१३५४) हा प्रथम सरकारी कारकून होता. वरिष्ठाच्या प्रकरणांत गोंवला जाऊन त्यानें तुरुंगवास भोगिला व पुढें तो ताओ पंथाचा विरक्त झाला. उतारवयांत त्यानें चेज्यांग प्रांतांतील फूचुन नदीकांठच्या डोंगरांचें चित्र आरंभिलें. रंग नाहीं, केवळ शाई. तीन-चार वर्षें तो वृत्ति रमेल तेव्हां त्यांत भर घाली. १३५० सालीं, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यानें त्यावर लेख लिहिला. ज्या वूयोंग नामक स्नेह्यासाठीं चित्र होतें, त्यास धास्ती होती कीं, पुढें कोणी तें कपटानें वा बळानें लाटील. म्हणून त्याचें नांव त्यांत आधींच घातलें आहे. आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या शेवटीं तेल, पाणी व मूर्खाचा हात यांपासून पोथी राखण्याविषयीं लेखक विनवणी करीत, त्यांतलाच हा प्रकार.

धास्ती खरी ठरली. पुढें हें चित्र शेन चौ या थोर चित्रकाराकडे आलें. त्यानें लेख लिहवून घेण्यासाठीं तें एकाकडे दिलें, तों त्या गृहस्थाच्या मुलानें तें परस्पर लांबविलें. कांहीं काळानें चित्र विक्रीस आलें. पण विकत घेण्याइतकें द्रव्य शेन चौजवळ नव्हतें. तेव्हां १४८७ सालीं त्यानें केवळ स्मरणानें त्याची प्रतिकृति काढिली. दुसऱ्याच वर्षीं नव्या धन्याच्या विनंतीवरून त्यानें मूळ चित्रावर लेखहि लिहिला. चित्र हातचें गेलें, परंतु मनांतील गेलें नाहीं.

याच्या उलट वू होंगयूची गोष्ट. मिंग राजवट कोसळून धामधूम माजली, तेव्हां घरदार टाकून त्यानें एवढी गुंडाळी मात्र उराशीं धरिली. १६५० सालीं मरणशय्येवर मात्र, तें आपल्याबरोबर यावें म्हणून, त्यानें तें अग्नींत टाकविलें! पुतण्यानें दुसरी एक गुंडाळी आगींत टाकून ही ओढून काढिली. तोंवर आरंभीचा भाग जळून चित्राचे दोन तुकडे झाले होते. प्रेम होतें, परंतु तें केवळ स्वतःपुरतें.

तिसरा धनी साक्षात् बादशहा छ्येनलोंग. १७४५ सालीं त्याच्या संग्रहीं एक प्रतिकृति आली. तिलाच अस्सल समजून त्यानें तिजवर पन्नासाहून अधिक वेळां लेखणी चालविली. वर्षभरानें खरें चित्र आलें, तेव्हां तें नक्कल ठरलें. कारण बादशहाचा शब्द फिरणार कसा? परंतु या गर्वाचें फळ असें कीं, बादशहाच्या लेखांच्या भडिमारांतून खरें चित्र वांचलें. विसाव्या शतकांत जाणकारांनीं निवाडा उलट फिरविला.

आज सुमारें २१ फूट लांबीचा मोठा तुकडा तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयांत, तर अवघा ५१ सेंटिमीटरांचा तुकडा चेज्यांग प्रांताच्या संग्रहालयांत आहे. दोहोंमध्यें समुद्र आणि राजकारण. २०११ सालीं मात्र तैपेई येथें दोन्ही तुकडे प्रदर्शनांत एकत्र आले. तब्बल ३६१ वर्षांनीं.

वाटणी झालेल्या घरांतील भावंडें एखाद्या कार्यास एकत्र यावींत, तसाच हा प्रसंग. आपल्या घरींहि आजोबांची पोथी, पणजीचा देव्हारा, एखादें तांब्याचें घंगाळ असतें. त्यावर मुद्रा उमटविण्याची चाल आपली नव्हे. परंतु ही वस्तु कोणाची, कोठून आली, कोणीं जपली, एवढें एका चिठोऱ्यावर लिहून तीजवळ ठेवण्यास काय हरकत आहे? पुढील पिढीस वस्तूबरोबर तिचा वृत्तांतहि मिळेल, आणि आपणांस ती काय म्हणून मिळाली होती, याचेंहि स्मरण राहील.