एसएक्स-७० : तत्काळ छायाचित्रण कॅमेऱ्याची रचना व वैशिष्ट्ये

प्रस्तावना :
छायाचित्र टिपताच ते काही वेळात हाती देणारा कॅमेरा एडविन लँड यांच्या पोलरॉइड कंपनीने १९४८ मध्येच विक्रीस आणला होता. मात्र विकसनाची वेळ मोजणे, छायाचित्र सोलून काढणे व उरलेला कागद टाकून देणे ही कामे वापरणाऱ्यालाच करावी लागत. १९७२ मध्ये आलेल्या एसएक्स-७० कॅमेऱ्यात ती कामे यंत्र व फिल्म यांच्याकडे सोपविण्यात आली. ही सोय कशी साधली गेली व तिची किंमत काय होती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना :
हा घडीचा कॅमेरा मिटल्यावर जेमतेम अडीच सेंटिमीटर जाड होतो. ज्या भिंगातून छायाचित्र टिपले जाते, त्यातूनच दृश्य पाहता येते. फिल्म तळाशी आडवी असते. बटण दाबताच आतील झडप वर उचलली जाते व आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश फिल्मवर पडतो. ही फिल्म ज्या बाजूने प्रकाशित होते त्याच बाजूने पाहिली जाते. म्हणून आरसा नसता तर चित्रातील डावे-उजवे उलटले असते.

फिल्मचे कार्य :
छायाचित्राच्या रुंद पांढऱ्या कडेत रसायनाची पुडी दडलेली असते. बाहेर पडताना दोन रुळांच्या दाबाने ती फुटते व अल्कधर्मी द्रव थरांमध्ये पसरतो. त्यातील रंजके प्रकाश अडवितात. त्यामुळे भर उन्हातही चित्र विकसित होते. पुढे आम्लधर्मी थरामुळे अल्कता घटते, रंजके रंगहीन होतात आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या शुभ्र पार्श्वभूमीवर चित्र उमटते.

मर्यादा :
मूळ फिल्मपाकिटात दहा छायाचित्रांसोबत सहा व्होल्टची चपटी बॅटरीही असे. प्रत्येक पाकिटाबरोबर नवी वीज मिळे. परंतु पाकिटाविना कॅमेऱ्याची मोटरही फिरत नसे. २००८ मध्ये पोलरॉइडने तत्काळ फिल्मचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा सुस्थितीतील कॅमेरेही निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. नेदरलँड्समधील एन्शेडे येथील कारखान्यात 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट'ने हे काम हाती घेतले. काही मूळ रसायने मिळेनाशी झाल्याने नवे सूत्र शोधावे लागले. २०१० मध्ये नवी फिल्म बाजारात आली.

निष्कर्ष :
एसएक्स-७० ने वापरणाऱ्याचे श्रम नाहीसे केले नाहीत, तर ते कारखान्याकडे वळविले. म्हणूनच या कॅमेऱ्याचे आयुष्य त्याच्या भिंगापेक्षा फिल्मच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून राहिले.