फरक खरा की योगायोग?

कॅडेटमित्रांनो, समजा नेमबाजीत एका हाउसचे 40 पैकी 34 जण उत्तीर्ण झाले आणि दुसऱ्याचे 40 पैकी 30. पहिले हाउस सरस का? घाई नको. वर्गात मी आधी शून्य परिकल्पना मांडायला लावतो: दोघांची खरी क्षमता सारखीच आहे, दिसणारा फरक योगायोगाचा आहे.

एकत्रित प्रमाण 64/80, म्हणजे 0.80. आता फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने फरक साधारण किती हलेल याचे माप काढू: 0.80 × 0.20 × (1/40 + 1/40) याचे वर्गमूळ, 0.089. प्रत्यक्ष फरक 0.10. भागाकार, म्हणजे झेड, 1.12 येतो. 5 टक्के पातळीवर तो 1.96 च्या पुढे हवा. म्हणून पुरावा अपुरा. पण दोघे सारखेच आहेत, हेही सिद्ध झाले नाही. हेच आकडे 400 पैकी 340 आणि 300 असते, तर झेड 3.54 आला असता. टक्केवारी तीच, पण नमुना मोठा.

आता जिवाशी गाठ असलेले उदाहरण. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन लस तयार झाली. 3 जानेवारी 2021 रोजी तिला तातडीच्या मर्यादित वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निकाल यायचे होते. आमच्या आर. के. पुरमपासून जवळच अन्सारी नगरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे मुख्यालय आहे. तरी 'घ्यावी का?' हा प्रश्न घरोघरी होताच. उत्तर आकड्यांतच मिळणार होते.

नोव्हेंबर 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. लस घेतलेल्या 8,471 जणांत लक्षणांसह कोविडचे 24 रुग्ण, लसीऐवजी औषधहीन इंजेक्शन घेतलेल्या 8,502 जणांत 106. वरच्याच रीतीने झेड सुमारे 7.2 येतो. एवढा फरक योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. संशोधकांनी परिणामकारकता 77.8 टक्के काढली.

झेड फक्त योगायोगाची शंका दूर करतो. तुलना न्याय्य होती, कारण कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले आणि ते घेणाऱ्याला वा देणाऱ्याला ठाऊक नव्हते.

पालकांनीही क्लासच्या जाहिरातीत '95 टक्के निकाल' वाचला, की तीन प्रश्न विचारावेत: कितीपैकी? कोणाच्या तुलनेत? आणि मुले निवडली कोणी?