पान नव्हे, ओवी : साध्या मजकुरातील दुव्यांविषयी

ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताना आपण अध्याय आणि ओवी सांगतो, पान सांगत नाही. पान त्या छपाईचे असते. आवृत्ती बदलली की तेही बदलते. ओवीचा क्रमांक संहितेला चिकटलेला असतो. पाठभेदांमुळे तो थोडा मागेपुढे झाला, तरी वाचक योग्य जागेच्या आसपास पोचतो. संगणकावर लेखन साठवताना हाच भेद नव्याने समजून घ्यावा लागतो.

लेखन दीर्घकाळ टिकावे म्हणून अनेक अभ्यासक टिपणे, सूच्या, शब्दसंग्रह साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतात. शीर्षकाच्या आधी एखादे चिन्ह, दुव्याभोवती कंस, एवढीच तिथली सजावट. या एका फायलीतून वेबपान, पीडीएफ किंवा ई-पुस्तक तयार करणे म्हणजे निर्यात. त्यासाठीची दोन साधने सुपरिचित आहेत : खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ऑर्ग मोड आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचे २००६ मधले पॅनडॉक.

‘दुष्काळाचे प्रकरण पहा’ या दुव्याला दोन टोके असतात. एक दुवा, आणि दुसरे तो जिथे पोचतो ती खूण, म्हणजे अँकर. लेखकाने खूण दिली नाही, तर निर्यात करणारे साधन ती स्वतःच ठरवते. अडचण इथेच सुरू होते.

पॅनडॉक शीर्षकाच्या शब्दांवरून खूण बनवते. शीर्षकाच्या सुरुवातीचे आकडे ते गाळते. त्यामुळे ‘१८१८’, ‘१८५७’ अशी नुसती साले शीर्षक म्हणून दिली, तर हाती काहीच उरत नाही. मग पहिल्याला ‘सेक्शन’, पुढच्याला ‘सेक्शन-१’ अशी नावे मिळतात. एकाच संग्रहात चार लेखांना ‘प्रस्तावना’ असेल, तर पहिली खूण तशीच राहते आणि पुढच्यांना क्रमाने १, २, ३ जोडले जातात. उद्या सुरुवातीला पाचवा लेख घातला की सगळे आकडे एकेक घराने सरकतात. जुना दुवा तुटत नाही. तो भलत्याच लेखाच्या प्रस्तावनेत नेऊन सोडतो. तुटण्यापेक्षा हे वाईट. ऑर्ग मोडची आपोआप मिळणारी खूण म्हणजे अर्थहीन अक्षरे आणि आकडे. नव्या निर्यातीत ती बदलू शकते.

मराठीची स्वतःची एक गोम आहे. ‘ऱ्हास’ या शब्दातला ऱ संगणकात एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ब्राउझर खूण जुळवताना चिन्हे तंतोतंत पाहतो. त्याच्या लेखी ते दोन निराळे शब्द. शिवाय ‘परिक्षा’चे ‘परीक्षा’ केले, तरी शीर्षकावरून बनलेली खूण बदलते. शुद्धलेखन सुधारावे आणि दुवा मोडावा, असा हा प्रकार.

मोडलेला दुवा ओरडत नाही. खूण सापडली नाही तर ब्राउझर मुकाट्याने पानाचा माथा उघडतो. पत्त्यातल्या हॅश चिन्हापुढचा भाग तो सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे पान सांभाळणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. निर्यात करतानाच तपासणी हवी ती यासाठी. आतल्या दुव्याचे टोक सापडले नाही, तर ऑर्ग मोड निर्यात थांबवते. ही कटकट टाळण्याची सोय त्यात आहे, पण ती न वापरणेच बरे.

उपाय साधा आहे : महत्त्वाच्या प्रत्येक शीर्षकाला हाताने खूण द्यावी. ऑर्ग मोडमध्ये त्यासाठी ‘कस्टम आयडी’ आहे. पॅनडॉकमध्ये शीर्षकापुढे महिरपी कंसात ती लिहितात. खूण लहान आणि रोमन लिपीत असावी. देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात उतरताना पुष्कळदा नऊ चिन्हांचे होते. पाच चिन्हांचा ‘ऱ्हास’ पंचेचाळीस चिन्हांचा होतो. शीर्षक कितीही वेळा बदलावे, खूण मात्र प्रकाशनानंतर बदलू नये. दोन प्रकरणे एकत्र केली तर दोन्ही खुणा ठेवाव्यात. प्रकरण काढून टाकले तर त्या जागी खूण आणि एक ओळीचा खुलासा राहू द्यावा.

छापील प्रतीत बोट लावून कुठे जाता येत नाही, तिथे ‘पान ४५ पहा’ असेच लिहावे लागते. पण लेटेक्स हा आकडा खुणेवरूनच काढते : पहिल्या फेरीत खूण कोणत्या पानावर आली ते नोंदवते, दुसऱ्या फेरीत तो आकडा भरते. म्हणजे इथेही खूण आधी, पान नंतर.

फायलीतले दुवे आपण दुरुस्त करू शकतो. पण दुसऱ्या कुणी आपल्या लेखातील एखाद्या परिच्छेदाचा दिलेला संदर्भ आपल्या हातात नसतो. त्याने आपल्या खुणेवर विश्वास ठेवलेला असतो. तो राखणे हे संपादनाचेच काम आहे.