पाड्यावरचे दोन दिवस

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आठवड्यातले दोन दिवस बाकं रिकामी असतात. मुलं क्षेत्रकार्याला गेलेली असतात. बोलताना सगळे त्याला फिल्डवर्कच म्हणतात. दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूत वर्ग, परीक्षा, प्रबंध हे सगळं असतंच, पण माणूस घडतो तो या दोन दिवसांत, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकमध्ये हे शिक्षण मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेच्या समाजकार्य महाविद्यालयात मिळतं. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत टाटांच्या संस्थेने केली, आणि ती शहरातल्या चाळी-गिरण्यांच्या प्रश्नांतून झाली. नाशिकची गोष्ट वेगळी आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे, आणि पश्चिमेला एसटीत बसलं की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचे पाडे लागतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांची ही वस्ती. वर्गातली काही मुलं तिथलीच असतात. म्हणून इथे प्रश्न असा पडतो, की आपल्याच माणसांत समाजकार्य करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

क्रम साधारण असा असतो. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला एखादी संस्था, रुग्णालय, शाळा किंवा गाव नेमून देतात, हे प्लेसमेंट. तिथून परतल्यावर त्या दिवसाचा अहवाल लिहायचा. मग मार्गदर्शक शिक्षक तो अहवाल समोर ठेवून एकेकाशी बोलतात. मुलांच्या भाषेत ही आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. महत्त्वाचे प्रसंग पुढे सगळ्या गटासमोर येतात. पुस्तकात व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन अशा पद्धती वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पाड्यावर मात्र त्या एकाच ओट्यावर, एकाच दुपारी एकमेकींत मिसळून समोर येतात.

पहिल्या महिन्यातल्या अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव दिसून आला.’ चांगला शिक्षक या वाक्याखाली रेघ ओढतो आणि विचारतो, तू गेलीस त्या दिवशी घरात कोण होतं? आजी आणि दोन नातवंडं. आईबाप कुठे होते? दिंडोरीला, द्राक्षाच्या बागेत कामाला. कधी येणार? माहीत नाही, विचारलं नाही. मग तेच वाक्य पुन्हा लिहायला लागतं: ‘भात आणि नागली निघाल्यावर आईवडील जगायला गेले आहेत. मुलं आजीकडे आहेत.’ जगायला जाणं हा तिथलाच शब्द. स्थलांतर या शब्दात पोटाची जी निकड येत नाही ती त्यात आहे. पाड्यावरून आलेल्या विद्यार्थिनीला तो घरातूनच माहीत असतो, तरी कॉलेजच्या वहीत तिने तो टाळलेला असतो. तो शब्द वहीत परत आणणं हेही शिक्षणच.

इथे मला अमेरिकेतल्या साउथ डकोटामधलं एक कॉलेज आठवतं. पाइन रिज या राखीव प्रदेशात लाकोटा लोकांच्या परिषदेने १९७१ मध्ये ओगलाला लाकोटा कॉलेज सुरू केलं. तिथे समाजकार्याची पदवीही मिळते. प्रदेशाच्या नऊ जिल्ह्यांत कॉलेजची केंद्रं आहेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या दाराशी कॉलेज जातं. लाकोटा भाषेत तियोश्पाये म्हणजे विस्तारलेलं कुटुंब, आजी-काका-मावश्यांसकट. बाहेरून आलेल्या कल्याण खात्यांना हे कुटुंब दिसलंच नाही. आईबाप जवळ नाहीत म्हणजे मूल बेवारस, असं धरून त्यांनी मुलं परक्या घरांत पाठवली. अखेर १९७८ च्या कायद्याने ठरवलं, की अशा मुलासाठी आधी नातेवाईक, मग त्याच्याच जमातीतलं घर पाहायचं. आपल्या अहवालातल्या आजीकडे पुन्हा पाहा. ती घरात असताना त्या मुलांना ‘दुर्लक्षित’ म्हणण्याची घाई किती महागात पडू शकते, हे त्या कायद्यामागच्या इतिहासात दिसतं.

आता एक काम नीट पाहू, वनहक्क दाव्याचं. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीकडे द्यायचा. समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग प्रकरण उपविभागीय आणि पुढे जिल्हा समितीकडे जातं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी पायी मुंबईला गेले, त्यांच्या मागण्यांत असे अडकलेले दावेही होते.

अडतं बहुधा पुराव्यापाशी. वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती असली तर उत्तम, पण ती पावसात भिजून गेलेली असते. कायद्याला आणखी एक पुरावा चालतो: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. विद्यार्थिनीची खरी कसोटी इथे लागते. अशा एखाद्या बाबांना ‘ही जमीन कोणत्या वर्षी काढली?’ असं विचारलं तर ते गप्प राहतात. ‘मोठ्या दुष्काळात इथे कोण काय पेरायचं?’ असं विचारलं की ते बोलू लागतात. दुष्काळ १९७२ चा, तेव्हा थोरला मुलगा पोटात होता, बांधावरचा आंबा गुडघ्याएवढा होता. तो आंबा आज केवढा आहे ते पाहायचं, शेजारची विहीर, वाडवडिलांच्या आठवणीचा दगड, म्हणजे वीर, कुठे उभा आहे ते टिपायचं. यातलं काही ती सुचवत नाही. ऐकते, जोडते, वाचून दाखवते आणि अंगठा घ्यायच्या आधी पुन्हा एकदा विचारते.

पाड्यातलीच मुलगी असेल तर हे सोपं आणि अवघड दोन्ही होतं. भाषा तिची आहे, पण समोरचे बाबा तिचे चुलत आजोबा असू शकतात, आणि शेजारच्या बांधावर दावा सांगणारा तिचा मामा. घरी ऐकलेली भांडणं अहवालात लिहायची नाहीत, अहवालातलं घरी सांगायचं नाही. कालपर्यंत नावाने हाक मारणारी माणसं तिला मॅडम म्हणू लागतात, तेही तिला आवडत नाही. यावर तयार उत्तर नाही. म्हणून तर दर आठवड्याची आयसी असते.

गटकार्याचं थोडक्यात. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी बाया यायला हव्यात, तर सभा भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, ठेवून चालत नाही, आणि मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असताना पुरुष मिळत नाहीत. पाड्याची दिनदर्शिका वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर उतरवून घेतली, की निम्म्या बैठका वाया जात नाहीत.

दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मिळायला हवं आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. विद्यार्थिनीचं प्लेसमेंट मात्र सत्राबरोबर संपतं आणि दाव्यांना वर्षं लागतात. म्हणून शेवटच्या भेटींतलं काम असतं कागदांचं. प्रत्येक दाव्याच्या झेरॉक्स, जबाबांच्या प्रती, तारखांची यादी आणि पोचपावती एका फायलीत लावायची. ती फाइल संस्थेच्या कपाटात जात नाही. ती वनहक्क समितीच्या सचिवाच्या घरी, आढ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहते, आणि ती कुठे आहे हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगितलं जातं.