परमुलखाचे पहिले दर्शन

परदेश पाहून आलेला माणूस आमच्या पारनेरात पारावर टेकला, की पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय पाहिलंत?" उत्तरही बहुधा ठरलेलेच. रस्ते ओळंब्यात, शहरे लखलखीत आणि शहराबाहेर पडावे तर मैलोगणती माणूस नाही! यातले काही खोटे नसते. पण पहिल्या नजरेला जे दिसते त्याचे कारण काही दिसत नाही.

याबाबतीत वाट पुसावी ती पंडिता रमाबाईंना. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्यासाठी रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत त्या हिंडल्या आणि १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघाले. नावातच पाहा, लोकस्थिती आधी आणि प्रवास मागाहून! राज्यव्यवस्था, घरसंसार, शाळा, बायकांची स्थिती यांवर त्यांनी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली.

आता त्या सरळ रस्त्यांचेच घ्या. आपल्या पेठेतले बोळ माणसे आणि गुरे जशी चालली तसे वळले. फिलाडेल्फिया विल्यम पेनच्या माणसांनी १६८२ साली आधी कागदावर आखले, घरे नंतर उठली. एका दिशेच्या रस्त्यांना आकडे, दुसऱ्या दिशेच्या कित्येकांना झाडांची नावे. नवखा माणूस तिथे चुकत नाही, यात त्याची हुशारी फारशी नाही!

खेड्यांची गोष्ट याहून मोठी. आपल्याकडे घर गावठाणात आणि शेत शिवारात. (विहिरींना पाणी लागले तशी आपलीही माणसे मळ्यात राहायला गेली, ते वेगळे.) अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र १७८५ च्या कायद्याने जमिनीवर सहा-सहा मैलांचे चौकोन पाडले. पुढे १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळू लागले, पण अट अशी की पाच वर्षे त्याच जमिनीवर राहायचे आणि ती कसायची. मग घर शेतातच बांधावे लागणार आणि शेजारी अर्ध्या मैलावर जाणार. आगगाडीतून पाहणाऱ्याला गाव दिसत नाही, ते यामुळे.

आणि ही जमीन सरकारजवळ आली कुठून? ती मोकळी पडलेली नव्हती. तिथल्या मूळ जमातींना कुठे करार करून, कुठे ते करार मोडून, कुठे लढाईने मागे रेटले होते. गाडीच्या खिडकीतून यातले काय दिसणार? दिसते ते हिरवेगार शेत. रमाबाईंना अमेरिका मनापासून आवडली. तिथल्या स्वातंत्र्याचे, बायकांनी स्वतः चालवलेल्या संस्थांचे त्यांनी भरभरून कौतुक केले. तरीही या मूळ लोकांवरचा आणि काळ्या लोकांवरचा अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही. स्तुती आणि दोष एकाच पुस्तकात, तेही यजमानांकडून आपल्या कार्याला मदत मिळत असताना! मला तर याचेच नवल अधिक वाटते.

ती मदत पोकळ नव्हती. रमाबाईंच्या कार्यासाठी बोस्टनमध्ये १८८७ साली मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले.