कळलावी: तीच वेल, की दुसरी?

सोनईच्या शिवारात कालव्यानं येणारं मुळेचं पाणी निघतं अकोले तालुक्यातून, हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं. त्या डोंगराकडच्या रानातल्या एका वेलीविषयी आज आपण बोलू. कळलावी. अग्निशिखा, खड्यानाग ही तिचीच नावं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा आमचा प्रश्नही तिकडचाच असणार: दर पावसाळ्यात त्याच जागी उगवणारी वेल तीच असते का?

वरवर पाहता उत्तर सोपं आहे. पाऊस पडला की कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुलं लागतात, पावसाळा सरला की वरचं सगळं वाळतं. खाली कंद राहतो, तो पुढच्या वर्षी फुटतो. म्हणजे वेल तीच.

पण जमिनीखाली काय चालतं बघा. वेल वाढते ती जुन्या कंदातला साठा वापरून. तो कंद सुरकुतून संपतो आणि खोडाच्या बुडाशी नवा कंद धरतो, दोन बोटांचा, नांगरासारखा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. दोन्ही बोटांच्या टोकाला एकेक डोळा असतो आणि पुढचा कोंब तिथूनच येतो. म्हणजे जागाही बोटभर सरकली, आणि एकीच्या दोन झाल्या! मिलिंदपञ्हात नागसेन राजाला हेच दिव्यावरून समजावतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी तीच म्हणता येत नाही, आणि दुसरीही म्हणता येत नाही. वेलीचं नाव अग्निशिखा असावं, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

तिची चढण्याची रीतही निराळी. गुळवेल खोडानं झाडाला विळखा घालते. कळलावीच्या पानांची टोकंच लांब होऊन स्प्रिंगसारखी वळतात आणि शेजारची काटकी धरतात. आधार मिळाला नाही तर ती जमिनीवर लोळते. फूल खाली तोंड करून उमलतं, पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या. कोकणात गौरीच्या सणाला ही फुलं आणतात, त्यांना गौरीचे हात म्हणतात.

आणि तरी लोक ती दाराशी लावत नाहीत. घरात आणली की भांडणं लागतात, म्हणे! 'कळ' म्हणजे भांडण खरं, पण प्रसूतीची वेदनाही कळच. जुन्या वैद्यकात तिला गर्भनुत् असं नाव आहे. आमच्या मते दुसरा अर्थच मूळचा असावा.

भ्यायचं तर नावाला नको, कंदाला भ्या. त्यात कोल्चिसीन आहे, पेशींचं विभाजनच थांबवणारं. गाउटवर ते औषध आहे, पण अगदी मोजून घ्यायचं. रताळं किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

औषधासाठी रानातले कंद उकरतात तेव्हा तो एकुलता डोळा सहज मोडतो. मग ते बोट फुटतच नाही. बियांपासून नवी वेल फुलायला 3-4 वर्षं लागतात. तमिळनाडूत हे राज्यफूल आहे, आणि तिथले शेतकरी बियांसाठी त्याची लागवड करतात. रानाला हात न लावता गरज भागवायचा मार्ग म्हणजे तोच.

भाद्रपदात भंडारदऱ्याकडे गेलात तर करवंदीच्या जाळ्यांत बघा. खालचं फूल लाल झालेलं, त्याच्या वरचं अजून पिवळं, आणि शेंड्याला हिरवी कळी.